४०० डिग्री, दोन काड्या लोणी आणि आमचे टार्ट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबणार आहे हे आधीच सांगतो, कापायचं तर कापा पण ते ४०० डिग्रीचं तेवढं ठेवा.

जानेवारीत एका रविवारी तुमच्या पुरवणीत 'घरच्या घरी फ्रूट टार्ट' अशी रेसिपी आली होती. फोटो एवढा भारी होता की आमच्या नातीनं तो कात्रीनं कापून फ्रीजला लावला आणि म्हणाली आबा आपण हे करू. नात दुसरीत आहे. मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, हातात कायम तिकिटं नाहीतर ते मशीन, घरात चहा सोडून कधी काही केलेलं नाही, पण रिटायर माणसाला नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं आणि माझ्याकडं ते नव्हतं. ओव्हन घरात होताच, मुलानं दिवाळीला घेतलेला ओटीजी, सूनबाईनं दोनदा केक केला आणि मग त्याच्यावर पेपरची रद्दी साठत गेली. रद्दी तुमचीच.

तर तुमच्या रेसिपीत असं लिहिलेलं. बाजारातून पफ पेस्ट्री शीट आणा, नाहीतर घरी करा, त्याला दोन कप मैदा आणि 'लोण्याच्या दोन काड्या'. चौकोन कापा, ब्लूबेरी, पीच अशी आवडीची फळं साखरेत घोळवून वर ठेवा, ओव्हन ४०० डिग्रीला तापवून २० मिनिटं बेक करा. झालं. सात ओळीत विषय संपला, माझे मात्र तीन आठवडे गेले.

पहिलं ते शीट. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत सगळी दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी शीट म्हणल्यावर पोरानं शेजारच्या हार्डवेअरकडं बोट केलं. एका ठिकाणी फ्रीझरमध्ये मटार, मका, फ्रेंच फ्राईज, पराठे सगळं होतं, ते म्हणाले पुण्याहून मागवून देतो पण अख्खा बॉक्स घ्यावा लागेल. मला टार्ट करायचे होते, एजन्सी घ्यायची नव्हती. शेवटी मुलगा कामाला पुण्याला गेलेला, त्यानं एक पाकीट आणलं, बॅगेत टाकून, लाल गाडीनं. आता त्या रूटवर मी आयुष्य काढलंय, खंबाटकीत एखादा ट्रक बंद पडला की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. घरी आलं तेव्हा शीट शीट राहिलं नव्हतं, सगळे पदर एकमेकाला चिकटून मऊ गोळा, आणि पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं की एकदा बर्फ उतरला की परत गोठवू नये. आम्ही परत गोठवलं. नुसतं चिवट झालं ते.

मग घरी करायचं ठरलं. तर लोण्याची काडी म्हणजे काय? मंडळींना विचारलं. ती म्हणाली, ताक घुसळल्यावर रवीला लागतं तेवढं असेल. मला ते पटलं सुद्धा. दोन कप मैद्याला रवीला लागेल तेवढं लोणी, दोनदा. झालं काय, तर चिवट पोळी झाली, जिला पफ म्हणणं म्हणजे बैलगाडीला शिवनेरी म्हणणं. मग ओळखीच्या एका बाईंचा मुलगा अमेरिकेत असतो त्याला व्हॉट्सअ‍ॅप केला, तो आधी पोट धरून हसला आणि मग सांगितलं की काका, इकडं बटर लांबट कांडीच्या आकारात मिळतं, तिला स्टिक म्हणतात, एक स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम. म्हणजे दोन काड्या म्हणजे पाव किलोला थोडं कमी! साहेब, रवीला पाव किलो लोणी लागत नाही हो.

आणि त्यावरूनच मला संशय आला ४०० डिग्रीचा. पण तो नंतर आला. त्याच्या आधी व्हायचं ते होऊन गेलेलं.

आमच्या ओटीजीचा काटा २५० ला संपतो. म्हणलं ४०० नाही तर नाही, आहे तेवढा तरी पूर्ण देऊ, स्पीड लॉक असलेल्या गाडीचा ड्रायव्हर देतो तसा. काटा २५० ला, दोन्ही रॉड चालू, ट्रेमध्ये आमची ती पोळी आणि वर साखरेत घोळवलेल्या स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरीला साखर लागली की ती दहा मिनिटात पाणी सोडते हे मला त्या दिवशी कळलं, घरातल्या दोन्ही बायकांना आधीपासून माहीत होतं पण मी किचनमधून सगळ्यांना बाहेर काढलेलं. पाक ट्रेत उतरला, ट्रेतून खाली रॉडवर, आणि बारा मिनिटात घरात असा धूर की शेजारच्यांनी बेल वाजवली. वरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक. नात फ्रीजवरचा फोटो आणि ट्रे आलटून पालटून बघत होती. आबा, फोटोत असं नाहीये, एवढंच म्हणाली.

त्या अमेरिकेतल्या पोरानंच सांगितलं की तिकडं ओव्हनचं टेम्परेचर फॅरेनहाइटमध्ये. हिशोब आम्हाला जमतो. ४०० वजा ३२ म्हणजे ३६८, त्याला पाचानं गुणून नवानं भागायचं, २०४ आलं. म्हणजे साधारण २०० सेल्सिअस. तुमच्या पुरवणीत नुसतं ४०० छापलं, पुढं ना एफ ना सी. ओव्हनवाले लोक म्हणतील त्यात काय, ते तर सगळ्यांना कळतं. सगळ्यांना कळत नाही साहेब, आणि ज्याला कळतं त्याला तुमची रेसिपी वाचायची गरजच काय.

यानंतर मी ओटीजीवर परत रद्दी ठेवणार होतो. पण मंडळी रात्री जेवताना म्हणाली, "अहो, एवढं काय डोकं लावताय, हे साट्याचे चिरोटेच आहेत की."

आता चिरोटे मी दरवर्षी खातो, ते कसे होतात ते ३५ वर्षात एकदा विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं. तूप आणि तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर फेसून साटा करायचा, पातळ पोळ्या लाटायच्या, एका पोळीवर साटा, वर दुसरी पोळी, परत साटा, परत पोळी, मग घट्ट गुंडाळी, तिचे तुकडे करून हलक्या हातानं लाटायचं आणि मंद तळायचं, की पदर सुटतात. पदर का सुटतात तर मधे तुपाची भिंत आहे, पीठ पिठाला चिकटत नाही. पफ पेस्ट्रीत तेच. फक्त साट्याच्या जागी बटर, पोळ्या एकावर एक रचायच्या ऐवजी घड्या, आणि कढईच्या जागी ओव्हन. फ्रेंच लोकांकडं या पिठाची एक मिठाई आहे तिच्या नावाचा अर्थच हजार पानं असा होतो. आमच्याकडं नुसतं चिरोटा म्हणतात आणि डब्यात भरून ठेवतात.

फरक एकच आणि तो महत्त्वाचा. तुपात पाणी नसतं. बटरमध्ये असतं, १०० ग्रॅममध्ये साधारण ८० ग्रॅम फॅट आणि १६ ग्रॅमच्या आसपास पाणी. गरम ओव्हनमध्ये बटरमधल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती वर जायला बघते, तुपकट पदर तिला सहजी जाऊ देत नाही, म्हणून प्रत्येक पदर वर उचलला जातो. प्रेशर कुकरचंच गणित, फक्त शिट्टी नाही. म्हणून ओव्हन आधी तापलेला पाहिजे. थंड ओव्हनमध्ये ठेवलं तर वाफ व्हायच्या आधी बटर वितळून ट्रेत येतं आणि मग ते तळलेल्या पुरीसारखं लागतं. तूप घालूनही करून बघितलं आम्ही, खुसखुशीत होतं, चव छान, पण कमी फुगतं.

आणि दुसरी गोष्ट मला स्वतःला सुचली याचा मला जरा अभिमान आहे. खारी! आपण रोज चहात बुडवून खातो ती खारी म्हणजे दुसरं काय आहे हो? पफ पेस्ट्रीच ना. बेकरीतलं पॅटिस, तेही तेच. म्हणजे जे शीट मी अख्ख्या साताऱ्यात शोधत फिरलो ते प्रत्येक बेकरीत मागच्या बाजूला रोज पहाटे लाटलं जातं, फक्त त्याला कुणी शीट म्हणत नाही.

गेलो एका बेकरीत, नेहमीच्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मास्टरला म्हणलं खारीचं कच्चं पीठ द्याल का अर्धा किलो. तो बघतच राहिला. "काय ओ काका, भाजलेली नको, कच्ची?" म्हणलं कच्चीच, घरी भाजणार. म्हणाला इतक्या वर्षात कुणी मागितली नाही, पण दिली. कागदात गुंडाळून, थंडगार. आणि वर फुकटात तीन गोष्टी सांगितल्या ज्या तुमच्या सात ओळीत नव्हत्या, म्हणून इथं लिहितो.

एक म्हणजे कापताना सुरी सरळ खाली दाबायची, ओढायची नाही, आणि बोथट वाटीनं गोल पाडायचे नाहीत, कडेचे पदर चेमटले की ती बाजू उठत नाही, टार्ट एका अंगाला कलतो, ओव्हरलोड गाडीसारखा. दुसरं म्हणजे वरून दूध किंवा अंडं ब्रशनं लावताना ते कडेवरून खाली ओघळू द्यायचं नाही, ओघळलं की ते गोंदासारखं सगळे पदर बांधून टाकतं. आणि उरलेले तुकडे चुरगाळून गोळा करायचा नाही, पोळीच्या कणकेसारखं मळलं की सगळे पदर मोडले, ते तुकडे एकावर एक रचायचे आणि मग लाटायचं. माझ्या पहिल्या वेळच्या जवळपास सगळ्या चुका त्यानं न बघता सांगितल्या.

त्या पिठाचे टार्ट फुगले! मी ओटीजीच्या काचेसमोर खुर्ची टाकून बसलो होतो, नात मांडीवर, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला ते पदर हलायला लागले, एकेक थर सरकत वर, तिनं टाळ्या वाजवल्या आणि दार उघडायला हात घातला, तो मी वेळेत पकडला. पहिली दहा-बारा मिनिटं दार उघडायचं नाही, वाफ गेली की बसलं ते परत उठत नाही.

पण एक सांगतो, बेकरीचं पीठ खाल्लं की नंतर टाळूला मेणासारखं काहीतरी राहतं. बेकरीत बटर परवडत नाही, तिथं मार्जरीन, म्हणजे तेलापासून केलेलं बटरसारखं, असतं, ते मुद्दाम जास्त टेम्परेचरला वितळणारं बनवतात म्हणजे कामगाराच्या हातात पाघळत नाही, पण मग तोंडातही नीट पाघळत नाही. बटर तोंडाच्या गरमीनंच विरघळतं, फरक लगेच कळतो. त्यात पूर्वी ट्रान्स फॅटचा, म्हणजे हृदयाला वाईट चरबीचा, प्रश्न मोठा होता, आता जानेवारी २०२२ पासून सरकारी नियमानं तेल-तुपात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही, त्यामुळं आधीपेक्षा बरं आहे. तरी मला बीपीची गोळी चालू असल्यानं मंडळींचं म्हणणं खायचं तर थोडं खा पण बटरचं खा. बटर तब्येतीला चांगलं आहे असं तिचंही म्हणणं नाही.

म्हणून आता आम्ही घरी करतो. मैदा २५० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, बर्फाचं पाणी साधारण १२५ मिली, लिंबाचा रस एक चमचा, चिमूटभर मीठ. मैद्यात आधी दोन चमचे बटर चोळायचं, पाणी आणि लिंबू घालून पीठ नुसतं गोळा होईपर्यंत मळायचं, पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही, तिंबलं की लाटताना आखडतं आणि भाजताना चौकोनाचा पतंग होतो. अर्धा तास फ्रीजमध्ये. उरलेलं बटर दोन प्लास्टिकच्या कागदात ठेवून लाटण्यानं ठोकून चपटी वडी करायची. पीठ लाटून मधे ती वडी, चारी बाजूनं पाकिटासारखं बंद, मग लांबट लाटायचं आणि तीन पदरी घडी, जशी आपण आंतर्देशीय पत्राची घालायचो तशी. फिरवून परत लाटायचं, परत घडी. दर दोन घड्यांना अर्धा तास फ्रीज. अशा सहा घड्या. पहिल्या घडीला बटरचे तीन थर, मग ९, मग २७, ८१, २४३ आणि सहाव्या घडीला ७२९. मी नातीच्या पाढ्याच्या वहीत मागच्या पानावर करून दाखवलं, तिला तीनाचा पाढा येतो पण ७२९ वर तिचा विश्वास बसला नाही, म्हणाली मोजू. मोजायला घेतले पण खाऊन टाकले.

यात खरी अडचण बटरची. ते पिठाएवढंच कडक पाहिजे, फार कडक असलं तर लाटताना फुटतं, मऊ झालं तर पिठात जिरतं आणि मग सगळा मामला बिस्किटाचा होतो. जानेवारीत साताऱ्याची थंडी या कामाला मदत करते, सकाळी सहाला फरशीवरच लाटलं तरी चालतं. एप्रिलमध्ये मी पहाटे पाचला उठून केलं तरी चौथ्या घडीला बटर बाहेर. उन्हाळ्यात सरळ बेकरीचं पीठ आणावं. पावसाळ्यात लाटायला अडचण नाही पण संध्याकाळपर्यंत सगळं सादळतं, खारीचा डबा उघडा राहिल्यासारखं, मग १६० ला पाच मिनिटं परत तापवायचं, फळं ठेवायच्या आधी.

भाजायचं असं. तीन-चार मिलिमीटर जाड लाटून चार-चार बोटांचे चौकोन, कडेनं एक बोट सोडून सुरीनं आत चौकट आखायची, आरपार कापायची नाही, आणि आतल्या भागाला काट्यानं टोचायचं. टोचलेला भाग कमी फुगतो, कडा उठतात, आपोआप वाटी होते, आणि तरी मधलं वर आलंच तर चमच्यानं दाबायचं. मधला रॅक, २०० डिग्री सेल्सिअस, आधी पंधरा मिनिटं तापवलेला ओव्हन, १८ ते २० मिनिटं. रंग खारीपेक्षा एक छटा गडद होऊ द्या. पिवळट असतानाच काढलं की आत कच्चं राहतं, लोक घाबरून लवकर काढतात, मीही काढले.

आता फळांचं. इथं माझा तुमच्यावर खरा राग आहे. सातारच्या माणसाला तुम्ही ब्लूबेरी आणि पीच सांगता? माझी कितीतरी वर्षं वाई-पाचगणी-महाबळेश्वर रूटवर गेलीत, पसरणी घाटात हिवाळ्यात गाडी चढताना नाही पण उतरताना टपावर आणि पायाशी स्ट्रॉबेरीच्या पेट्या असायच्या, अख्खी गाडी वासानं भरलेली, पॅसेंजर भांडायचे पण आवाज खाली. इंग्रजांनी आणलेलं फळ, आता महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून जीआय टॅग, म्हणजे 'हा माल त्याच भागाचा' अशी सरकारी नोंद, आहे. भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं पण त्याच्या आधी ते स्ट्रॉबेरीचं गाव होतं आणि आहे. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोझा, नाबिला, जाती तिथली पोरं तोंडपाठ सांगतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढलं, माल एकदम आला की भाव पडतो, मऊ पडलेला माल क्रशला आणि जॅमला जातो. त्याच महिन्यात तुमची पुरवणी ब्लूबेरी छापणार असेल तर सांगा मला, मी पेपर बदलतो. नाही बदलणार, शब्दकोड्याची सवय आहे.

स्ट्रॉबेरी घेताना देठापर्यंत लाल बघून घ्या, ती तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखी आढीत घालून उपयोग नाही, खांदा पांढरा असेल तर तो आंबटच राहणार. धुवायची ती देठासकट, देठ काढून धुतली की आत पाणी भरतं. आणि स्ट्रॉबेरी भाजायचीच नाही! टार्ट भाजून पूर्ण गार झाला, की मग वर ताजी कापून ठेवायची. साखर फळावर नाही, खालच्या क्रीममध्ये.

खाली काय घालायचं यावर घरात दोन पक्ष आहेत. सूनबाई कस्टर्डवाली. पाव लिटर दुधाला दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर, खिरीसारखं पातळ नको, चमच्यावरून गोळा पडला पाहिजे, आणि पूर्ण गार करून घालायचं. मंडळींनी आधी हात लावला नाही, म्हणाली यात अंडं असतंय. नसतं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टनं १८३७ मध्ये ही पावडर काढली तीच मुळी बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून, ती कॉर्नफ्लोअरवर घट्ट होते. हे ऐकल्यावर मंडळी म्हणाली, बघा, काही लोक बायकोसाठी काय काय करतात. तिचा स्वतःचा पक्ष चक्क्याचा. श्रीखंडाचा चक्का, पिठीसाखर, वेलची नको, थोडं लिंबाचं साल किसून. मी चक्क्याच्या बाजूचा आहे, आंबट चक्का आणि गोड स्ट्रॉबेरी याच्यासारखं काही नाही, पण घरात शांतता राहावी म्हणून निम्मे निम्मे करतो.

काहीही घातलं तरी तळ ओला होतो, हा टार्टचा कायमचा आजार आहे. त्याला उपाय म्हणजे भाजलेल्या वाटीत आतून जॅमचा किंवा वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवायचा, शेणानं सारवल्यासारखा, तो वाळला की मग क्रीम. आणि भरायचं ते खायच्या आधी अर्धा तास. वर चकाकी पाहिजे असेल तर दोन चमचे जॅममध्ये एक चमचा पाणी घालून गरम करायचं, गाळायचं आणि ब्रशनं लावायचं. तुमच्या फोटोतली चकाकी तीच होती, रेसिपीत तिचा उल्लेख नव्हता.

मुलगी तासगावला दिलीय. तिकडून मार्चमध्ये द्राक्षं येतात आणि वर्षभर बेदाणा. द्राक्षं उभी अर्धी कापून, कापलेली बाजू खाली करून चक्क्यावर लावायची, फार सुंदर दिसतात. बेदाण्याचं सांगतो, सांगलीच्या बेदाण्यालाही जीआय आहे, तो कोमट पाण्यात भिजवून निथळून सफरचंदाच्या पातळ चकत्यांबरोबर घालायचा, आणि हे मात्र पिठाबरोबरच भाजायचं कारण सफरचंद स्ट्रॉबेरीसारखं रडत नाही. याच्या खाली मी एक गोष्ट घालतो ती माझी स्वतःची आहे आणि कुणी माझ्या आधी केली असेल तर त्यांनी मला माफ करावं. कंदी पेढा! साताऱ्याचा कंदी पेढा कुस्करून, चमचाभर दुधात सैल करून कच्च्या चौकोनाच्या मधे पसरायचा, वर सफरचंद, वर बेदाणा, आणि २०० ला २२ ते २५ मिनिटं. पेढा फळाचं पाणी पिऊन घेतो, तळ कुरकुरीत राहतो, आणि खवा आधीच खरपूस भाजलेला असल्यानं बदामासारखा वास येतो. पेढ्याला गोडी कमी असते म्हणून जमतं, दुसरीकडचा साखरी पेढा घालून बघितला, नुसता गोडमिट्ट.

किवी आणि ताजा अननस दुधाच्या कस्टर्डवर ठेवून तसेच राहू देऊ नका, कडवट होतं. केळं काळं पडतं. डाळिंबाचे दाणे वरून टाकायला चांगले, आटपाडीकडचे आले होते एकदा. हापूस घालायचा तर मे महिना येतो आणि मे मध्ये बटरचं काय होतं ते वर लिहिलंय.

तर माझं म्हणणं एवढंच की पुरवणीत रेसिपी छापायच्या आधी ती तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी एकदा घरी करून बघावी, आपल्या ओटीजीत, आपल्या मैद्यात, आपल्या दुकानात जे मिळतं त्यात. वजन ग्रॅममध्ये द्या. कप म्हणलं की आमच्या घरात चार साइजचे कप आहेत आणि कटिंगचा ग्लास वेगळा. टेम्परेचरच्या पुढं सेल्सिअस लिहा. आणि त्या ४०० चा खुलासा कोपऱ्यात का होईना पण छापा, कारण माझ्यासारखा आणखी कुणीतरी आत्ता काटा २५० ला लावून बसला असेल.

पुरवणी बघणाऱ्या ताईंना राग आला असेल तर त्यांनी रविवारी घरी यावं. सकाळी साडेदहाच्या आत मात्र, नंतर शिल्लक राहत नाहीत.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, सातारा

ता. क. बटर साधं मीठवालं पिवळं घेतलं तर पिठात वेगळं मीठ घालू नका. वर लिहायचं राहिलं, आणि आमचा एक अख्खा घाणा त्यात गेलाय.